डीपीआय वाढवला की चित्र शार्प होतं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुम्ही सविस्तर लिहिलं आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: व्हेक्टरचं (रेघा-वळणांच्या सूत्रांनी साठवलेल्या चित्राचं) रास्टर (पिक्सेलांचं चित्र) करताना मी आधीच्या लेखात उगाच पिक्सेलचा हिशेब मांडत बसलो. स्क्रिप्टमध्ये सगळ्या फाइलींना डेन्सिटी (म्हणजे डीपीआय, एका इंचातले पिक्सेल) ३०० लावायची, अँटी-अलायझिंग (कडेला मधल्या छटा भरून ती गुळगुळीत करणं) बंद करायचं, तरी धूसर दिसलं तर शेवटी शार्पन लावायचं, की झालं. सोबत तुमची कमांडही दिली आहे, आणि तिच्यातून येणारी चित्रं धूसर असतात हेही मोकळेपणाने सांगितलं आहे. तिथूनच सुरुवात करू.

तुमच्या कमांडमध्ये आधी पीडीएफचं नाव येतं आणि डेन्सिटी त्यानंतर. इमेजमॅजिक हा ती कमांड चालवणारा प्रोग्राम सगळं लिहिलेल्या क्रमाने वाचतो. फाइल उघडली तेव्हा त्याला तुमचे ३०० माहीतच नव्हते. त्याने ठरलेल्या ७२ डीपीआयने पान रास्टर केलं आणि ए-फोरचे साधारण ५९५ बाय ८४२ पिक्सेल झाले. मागून आलेल्या डेन्सिटीने त्या तयार चित्रावर ३०० अशी नोंद तेवढी केली, पिक्सेल होते तेवढेच राहिले. तेच पान खरोखर ३००ने रास्टर झालं तर २४८० बाय ३५०८ पिक्सेल मिळतात. डेन्सिटी इनपुट फाइलच्या आधी लिहा आणि नंतर पिक्सेल मोजा. फाइलच्या गुणधर्मांत ३०० दिसतं म्हणून विश्वास ठेवू नका, कारण तो आकडा धूसर चित्रावरही तितक्याच सहज लिहिता येतो.

एवढी दुरुस्ती केलीत तरी ‘सगळ्यांना ३००’ हे मला पटत नाही. समजा २४ बाय २४च्या ग्रिडवर काढलेला एसव्हीजी (व्हेक्टर फाइलचा एक प्रकार) आयकॉन आहे. एसव्हीजीत एका इंचात ९६ पिक्सेल धरतात, म्हणून ३००ने तो ७५ पिक्सेलचा होतो. तुम्हाला हवा होता ६४चा, मग स्क्रिप्ट तो ७५वरून ६४वर आणते. इथे प्रत्येक कड दोनदा पिक्सेलमध्ये मोडली जाते: एकदा रेंडर होताना (व्हेक्टरचे पिक्सेल बनताना), एकदा लहान होताना. त्याऐवजी इंकस्केप किंवा आरएसव्हीजी-कन्व्हर्ट या एसव्हीजी रेंडर करणाऱ्या प्रोग्रामला थेट हवी ती रुंदी द्या. व्हेक्टर हातात असताना रास्टरवर रिसाइझ करायचं कशाला?

आणि निवड तुमच्या हातात असेल तर ६४ घेऊच नका. त्याच २४च्या ग्रिडवरची दोन युनिट (ग्रिडचे दोन घर) जाडीची रेघ ४८ला बरोबर ४ पिक्सेलची होते, ७२ला ६, ९६ला ८. ६४ला ती ५.३३ पिक्सेलची होते, आणि तो उरलेला तुकडा कडेला करडा पट्टा होऊन बसतो. एक युनिटची रेघ पूर्णांकावर मध्य ठेवून काढलेली असेल तर आणखी जपावं लागतं: मूळ आकारात ती दोन पिक्सेलांत निम्मी-निम्मी सांडते, दुप्पट किंवा चौपट केली की नीट बसते. मी पिक्सेलचा हिशेब मांडतो तो यासाठी. शार्पनेस रेंडर होण्याच्या त्या एका क्षणी ठरतो, नंतर तो भरून काढता येत नाही.

त्यामुळे शेवटी शार्पन लावणं मला मान्य नाही. ते कडेजवळचा फरक ताणतं. काळ्या अक्षराभोवती फिकट कडं उमटतं, हरवलेली कड काही परत येत नाही. फोटोला त्याचा उपयोग आहे, रेखाटनाला नाही.

अँटी-अलायझिंगबद्दल तुमचं एका जागी बरोबर आहे. छपाईसाठी निव्वळ काळ्या-पांढऱ्या दोनच रंगांची फाइल ६०० किंवा १२०० डीपीआयने काढायची असेल तर ते बंदच हवं. स्क्रीनसाठीच्या आयकॉनवर बंद केलंत तर तिरक्या रेघांना आणि वळणांना पायऱ्या पडतील. सरळ आडव्या-उभ्या रेघांपुरतंच हवं असेल तर एसव्हीजीत त्या घटकांना शेप-रेंडरिंग या गुणधर्माचं क्रिस्प-एजेस हे मूल्य द्या, बाकीचे घटक तसेच राहू द्या.

कडा गुळगुळीत याव्यात म्हणून चौपट मोठं रेंडर करून लहान करण्याची पद्धत मेमरी खाते, ही तुमची तक्रार रास्त आहे. पिक्सेल सोळापट होतात. मोठ्या पानांच्या पीडीएफला ती वापरू नका. घोस्टस्क्रिप्ट या पीडीएफ रास्टर करणाऱ्या प्रोग्राममध्ये टेक्स्ट आणि ग्राफिक्स दोन्हींचे अल्फा-बिट्स (अँटी-अलायझिंगची सेटिंग) ४ ठेवले की कडा गुळगुळीत येतात आणि हा खटाटोप वाचतो.

जेपीईजीबद्दल विचारलंत. रेखाटन आणि अक्षरं असतील तर पीएनजीच. जेपीईजी चित्राचे ८ बाय ८चे ठोकळे करून तपशील गाळतं, आणि कडांभोवती जो मळ दिसतो तो तिथूनच येतो.

राहिलं तुमचं ते एक पान, जे ६००नेही धूसर येतं. त्याच्यावर पीडीएफ-इमेजेस हा पीडीएफमधली चित्रं शोधणारा प्रोग्राम यादीच्या पर्यायासह चालवून पाहा. आत आधीच रास्टर झालेलं चित्र पेस्ट केलेलं असेल तर त्याचे पिक्सेल त्या यादीत दिसतील, आणि त्याहून जास्त तपशील कोणत्याही डेन्सिटीने निघणार नाही. तसं निघालं तर ज्याने ते पान बनवलं त्याच्याकडून मूळ एसव्हीजी मागून घ्या.