सर, करून घेतलेलं बरं

गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये सर्व्हिसिंगला टाकून तुम्ही ऑफिसात जेमतेम टेकलेले असता आणि मीटिंग सुरू होताना नेमका फोन वाजतो. "सर, गाडी लिफ्टवर घेतलीय. तशी ओके आहे. फक्त चार-पाच पॉइंट निघालेत." पलीकडच्या सर्व्हिस ॲडव्हायझरचा आवाज मऊ असतो, आकडा मात्र तसा नसतो. सात हजारांच्या सर्व्हिसिंगचं एस्टिमेट अठ्ठावीस हजारांवर गेलेलं असतं. अशा वेळी कसं वागावं याचं शिक्षण आपल्याकडे कोणी देत नाही. त्यामुळे काही ग्राहक चक्क प्रश्न विचारून मोकळे होतात. तुमच्या हातून तसं काही घडू नये, म्हणून हे चार शब्द.

तयारी घरूनच करावी लागते. ग्लोव्हबॉक्समध्ये गाडीबरोबर आलेलं एक जाडजूड पुस्तक असतं. ते प्लास्टिकच्या पिशवीतून अजिबात बाहेर काढू नका. त्यात शेवटाकडे एक तक्ता असतो: किती किलोमीटरला किंवा किती महिन्यांनी काय बदलायचं आणि काय नुसतं तपासायचं. हा तक्ता गाडी बनवणाऱ्यांनीच केलेला असल्यामुळे त्यात इंजिन डिकार्बोनायझेशन, एसी डिसइन्फेक्शन, टेफ्लॉन कोटिंग असल्या जीवनावश्यक गोष्टी सहसा सापडत नाहीत. तो वाचून गेलात, तर "हे तक्त्यात कुठंय?" असं तोंडून निघून जाईल. टाय लावलेल्या माणसाला चारचौघांत ओशाळं करणं आपल्या संस्कारांत बसत नाही. शिवाय त्याच्या एस्टिमेटच्या यादीत अधूनमधून खरी कामंही असतात. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून बहुतेक कंपन्या ते साधारण दोन वर्षांनी बदलायला सांगतात, आणि ते बदलावंच. पण खरं काम कोणतं आणि भरीचं कोणतं, हे निवडत बसायला तुम्हाला वेळ आहे का? तुमची मीटिंग सुरू आहे.

जॉब कार्डवर तक्रार लिहिताना मोघमपणा हवा. "स्पीडब्रेकरवरून जाताना डाव्या पुढच्या चाकाकडून खडखड येते" असं नेमकं लिहिलंत, तर ते लोक तेवढंच शोधतील. "जनरल चेकअप" लिहा आणि खाली सही ठोका. "विचारल्याशिवाय जादा काम करू नये" असं पेनाने लिहिणारे काही महाभाग असतात. त्यांच्याकडे लाउंजमधली माणसंसुद्धा वळून बघतात.

मग व्हॉट्सॲपवर फोटो येतात. पहिला फोटो काळ्याकुट्ट एसी फिल्टरचा. तो तुमच्याच गाडीचा आहे का, अशी शंका येणं हे मन गढूळ झाल्याचं लक्षण समजा. बऱ्याच गाड्यांत हा फिल्टर ग्लोव्हबॉक्सच्या मागे असतो. कप्पा खाली सोडायचा, जुना ओढायचा, नवा सरकवायचा. चहा निवायच्या आत होणारं काम. पण हे एकदा हाताने केलंत की पुढच्या वेळी "फिल्टर रिप्लेसमेंट" या ओळीसमोरचं लेबर वाचताना डोळ्यांत पाणी येतं. डोळे जपा.

आता ब्रेक पॅड. इथे जरा थांबू, कारण खरी कला इथेच बघायला मिळते. "सर, पॅड वीस टक्के राहिलेत." कशाचे वीस टक्के, कोणी मोजले, कशाने मोजले, हे विचारायचं नाही. नव्या पॅडचं घर्षणाचं अस्तर साधारण दहा-बारा मिलिमीटर जाड असतं आणि ते तीनच्या आसपास आलं की वाद न घालता बदलायचं, एवढाच हा हिशोब. म्हणजे "किती मिलिमीटर उरलंय?" हा एकच प्रश्न पुरतो. आकडा तीन असेल तर पैसे द्यायचे आणि सहा असेल तर गाडी घरी न्यायची. पण इतक्या सरळ प्रश्नाने संभाषणातली सगळी माया आटते. त्यापेक्षा टक्के बरे. आणि तुम्ही क्षणभर जरी घुटमळलात, तरी पलीकडून ते वाक्य येतंच: "कसंय सर, गाडीत फॅमिली असते ना." लग्नाच्या हॉलवाल्याने "एकदाच तर होतं, साहेब" म्हणावं आणि वधूपित्याने मुकाट चेकबुक काढावं, तसं तुम्ही इथे "करून टाका" म्हणायचं असतं. ज्याने नाही म्हटलं, त्याचं घरच्यांवर प्रेम नाही, हे एव्हाना एका फोनवर सिद्ध झालेलं असतं.

एखादी वस्तू दुरुस्त होऊ शकते, ही जुनाट कल्पनाही डोक्यातून काढून टाका. हेडलाइटचा एक प्लास्टिकचा कान तुटला, तर अख्खा हेडलाइट बदलतात. आरशाची काच तडकली, तर मोटर आणि कव्हरासकट आरसा. चाकाला धरून ठेवणाऱ्या लोअर आर्मचा रबरी बुश गेला, तर अख्खा आर्म. बऱ्याच गाड्यांत तो बुश प्रेसवर दाबून वेगळा बसतो, पण ज्याच्याकडे प्रेस आहे त्याच्याकडे लाउंज नसतं. पावसाळ्यात सोसायटीच्या पार्किंगमधले उंदीर बॉनेटखाली ऊब घ्यायला येतात आणि जाताना दोन वायरी कुरतडून जातात. त्यावर अधिकृत उपाय म्हणजे पूर्ण वायरिंग हार्नेस, म्हणजे वायरींचा अख्खा जुडगा, बदलणं. गल्लीतला ऑटो इलेक्ट्रिशियन त्याच दोन वायरी सोल्डर करून वर स्लीव्ह चढवून देईल, हे खरं. पण तो उंदराला "रोडंट डॅमेज" म्हणणार नाही. आपल्या गाडीचं दुखणं भारदस्त नावाचं असावं, असं कोणाला वाटत नाही?

जेन्युइन पार्टबद्दल श्रद्धा ठेवा आणि श्रद्धेला भूगोल शिकवू नका. गाडीचे बहुसंख्य सुटे भाग गाडीची कंपनी स्वतः बनवत नाही, ते पुरवठादार बनवतात. त्यांतले कितीतरी कारखाने आपल्याच भोसरी-चाकण पट्ट्यात आहेत. तिथे बनलेला भाग कंपनीच्या खोक्यात शिरला की त्याची एक किंमत होते. तोच कारखानदार स्वतःच्या नावाने बाजारात विकत असेल, तर पुण्यातल्या नाना पेठेच्या पार्टबाजारात त्याची वेगळी किंमत असते. "असेल तर" मुद्दाम म्हटलं, कारण अनेकदा त्याला विकूच दिलं जात नसे. भारतीय स्पर्धा आयोगाने याच प्रकरणात 25 ऑगस्ट 2014 रोजी 14 कार कंपन्यांना मिळून सुमारे 2,544 कोटी रुपये दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि दोष शोधायची उपकरणं बाहेरच्या गॅरेजना मिळू द्यायची नाहीत आणि मग हव्या त्या किमती लावायच्या, हा आक्षेप होता. भागांवरची वाढ बहुधा शंभर टक्क्यांच्या पुढे आणि काही ठिकाणी पाच हजार टक्क्यांच्या आसपास असल्याचं आयोगासमोर आलं. दंडाचं प्रकरण पुढे अपिलात गेलं. असलं वाचन तब्येतीला चांगलं नाही.

त्याच आदेशातला दुसरा भाग तर त्याहून घातक आहे. बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द होईल अशी अट घालू नका, बाहेरच्या सदोष कामामुळे जे नुकसान झालं असेल तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल, असं आयोगाने कंपन्यांना बजावलं होतं. तेव्हा "बाहेर हात लावलात तर वॉरंटी गेली, सर" असं ऐकलंत की लगेच घाबरा. "हे मेलवर लिहून द्याल का?" असं मात्र म्हणू नका. त्या वाक्याने माणसं अचानक मॅनेजरला शोधायला निघून जातात आणि तुमची कॉफी गार होते. केंद्र सरकारने डिसेंबर 2022 मध्ये राइट टु रिपेअर नावाचं पोर्टल काढलं, त्यात वाहनंही आहेत. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे. तो इतका लहान आहे की चुकून पाठ होतो. प्रयत्नपूर्वक विसरा.

गाडीला ओरखडा गेला असेल, तर एस्टिमेटच्या आधी एक प्रश्न येतो: "कॅश की क्लेम?" ओरखडा तोच, बंपर तोच, तरी उत्तराप्रमाणे आकडा का बदलावा, या तत्त्वचिंतनात शिरू नका. "क्लेम" म्हणा. फुकट रंग मिळत असताना कॅश कोण देतो? आता हे फुकट कितीला पडतं ते सांगतो, पण हा परिच्छेद वाचला नाहीत तरी चालेल. पाच वर्षं क्लेम न करता तुम्ही 50 टक्के नो क्लेम बोनसवर पोचला आहात असं समजा. ही प्रीमियमवरची सूट विम्याच्या ओन डॅमेज भागावर, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीच्या भागावर मिळते. तो भाग 12,000 रुपयांचा धरू. एका क्लेमने सूट शून्यावर येते आणि पुन्हा 20, 25, 35, 45 अशा पायऱ्या चढत 50 वर जाते. म्हणजे पहिल्या वर्षी 50 टक्के गमावले, मग 30, 25, 15 आणि 5. बेरीज 125 टक्के. प्रीमियम तोच राहिला असं मानलं तर 15,000 रुपये. वर हजार रुपये सक्तीचे खिशातून, इंजिन 1500 सीसीच्या वरचं असेल तर दोन हजार. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जादा कव्हर, घेतलेलं नसेल तर प्लास्टिकच्या भागांवर 50 टक्के घसारा वेगळाच, आणि बंपर प्लास्टिकचाच असतो. एवढं सगळं एका बंपरच्या रंगासाठी, जो कॅशने चार-पाच हजारांत झाला असता. मोठा अपघात असेल तर क्लेम करावाच, विमा त्यासाठीच आहे. पण पार्किंगच्या खांबाला घासलेल्या बंपरला मोठ्या अपघाताचा मान देण्यात जी मजा आहे, ती पैशात मोजू नये.

दुसरं मत घ्यायला पत्र्याच्या शेडमधल्या मिस्त्रीकडे जाऊ नका. तो चाक धरून हलवेल, खाली वाकून बघेल आणि म्हणेल, "काय नाय साहेब, लिंक रॉड गेलाय. बाकी सगळं चालतंय अजून." इतक्या कमी शब्दांत आणि इतक्या कमी पैशांत झालेल्या निदानावर सुशिक्षित माणसाने विश्वास कसा ठेवावा? बरं, मिस्त्रीही काही संत नव्हे. बिल मागितलं की तो विषय बदलतो. "संध्याकाळी देतो" ही त्याची संध्याकाळ कोणत्या वाराची, हे विचारायची सोय नाही. तुमच्या गाडीत घातलेला पार्ट नवा की धुऊन नव्यासारखा, हे त्याला आणि कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारालाच ठाऊक. एअरबॅग, एबीएस, सॉफ्टवेअर यांना त्याने हात न लावलेलाच बरा. पण तो एक गोष्ट करतो: बॉनेटपाशी उभं राहू देतो. गाडीत काय चाललंय ते दिसतं. काचेपलीकडच्या लाउंजमध्ये टीव्ही दिसतो.

बदललेले जुने पार्ट परत मागू नका. "जुने सगळे डिकीत ठेवा हं" एवढं सकाळीच सांगितलं, तर एस्टिमेटमधल्या काही पार्टची प्रकृती दुपारपर्यंत सुधारते, असा अनुभव लोक सांगतात. वैद्यकशास्त्राला याचं उत्तर नाही. एस्टिमेटच्या प्रत्येक ओळीपुढे "आज केलं नाही तर काय होईल?" असं विचारणारेही असतात. ॲडव्हायझर मग यादीचे दोन भाग करतो: लगेचची कामं आणि पुढच्या वेळची. पहिला भाग बहुधा इतका छोटा निघतो की त्यात कोणाचंच मन रमत नाही.

सुट्या भागांवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्क्यांवर आला. बिलावर किती लावलाय ते बघू नका. लेबरवर दहा टक्के सूट मात्र जरूर मागा. ती मिळतेच, मिळण्यासाठीच ठेवलेली असते. ती मिळाल्यावर घरी जाताना जिंकल्यासारखं वाटतं आणि संध्याकाळी सोसायटीच्या कट्ट्यावर सांगायला विषय होतो.

गाडी ताब्यात घेताना ॲडव्हायझर तुम्हाला बाजूला घेऊन आवाज खाली आणेल. "सर, दोन दिवसांत कंपनीचा फोन येईल. दहापैकी दहा द्या हं. नऊ दिले तरी आम्हाला फेल धरतात." चेहरा बघा त्याचा. खरंच काकुळतीला आलेला असतो. त्याचं महिन्याचं टार्गेट असतं, डिकार्बोनायझेशन किती विकली याची यादी सकाळच्या मीटिंगमध्ये वाचली जाते, आणि तुमच्या फॅमिलीची काळजी त्याला त्या यादीमुळेच करावी लागते. तेव्हा दहा द्या. आणि फोनवरच्या मुलीने "काही सूचना आहे का, सर?" असं विचारलं, तर लाउंजच्या कॉफीत साखर जरा जास्त होती, एवढंच सांगा.