हवेचे पैसे

"नुसती हवाच तर काढली, तिचे कसले पैसे?" हे वाक्य परवा आळेफाट्याच्या अलीकडे एका ड्रायव्हरनं मला, म्हणजे गाडी दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकला, ऐकवलं आणि ते अजून घशाखाली उतरत नाहीये. जुनी डीआय (थेट फवाऱ्याच्या डिझेल इंजिनाची) पिकअप, मागे टोमॅटोचे क्रेट, नारायणगावचा बाजार गाठायचा आणि इंजिन गप्प. बाकी पाल्हाळ नको, कारण खरे बघण्यासारखे होते ते हेल्मेटवाले काका.

काका स्कूटरवरून उतरले, हेल्मेट मात्र डोक्यावरच. काच खाली, त्यामुळे सल्ला रांजणातून आल्यासारखा घुमायचा.

"प्लग काढून बघा. काळा पडला असेल."

"काका, डिझेल आहे. हिला स्पार्क प्लग नसतो."

"नसतो कसा? माझ्या स्कूटरला आहे."

"पेट्रोल ठिणगीनं पेटतं. इथं हवा 17-18 पट दाबली जाते, त्यानं ती एवढी तापते की डिझेल पडलं की पेटलं."

काच वर झाली. "म्हणजे प्लग नसताना पेटते. मग बसवला तर किती लवकर पेटेल!"

यावर पाना फेकून मारणं एवढंच उत्तर होतं, पण पाने महाग झालेत.

तेवढ्यात काकांनी धक्का मारायला पोरंही गोळा केली. अरे, आधी सायलेन्सरकडे बघा ना! स्टार्टर फिरताना पांढरा धूर आला तर डिझेल पोचतंय पण पेटत नाहीये, म्हणजे दोष कॉम्प्रेशन (हवेची दाबणी), टायमिंग (डिझेल पडायची वेळ) किंवा नोझलचा (डिझेल फवारणारी तोटी). धूरच नाही तर डिझेल पोचतच नाहीये, मग अख्खं गाव ढकलायला लागलं तरी उपयोग शून्य. ड्रायव्हरही स्टार्टरला लोंबकळून बसलेला. दहा सेकंद मारायचा, अर्धा-एक मिनिट थांबायचं, नाहीतर बॅटरी आणि स्टार्टर दोन्ही जातात.

दोष टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या रबरी नळीत होता. पंप तिथून डिझेल ओढतो, त्यामुळे नळीला चीर पडली की डिझेल बाहेर ठिबकत नाही, उलट हवा आत जाते आणि डिझेल पुढं पोचत नाही. खाली डाग शोधणारा दिवसभर शोधत बसतो. मधे पारदर्शक नळीचा तुकडा जोडला की बुडबुडे पळताना दिसतात. मग नळी बदलायची, फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू (हवा सोडायचा) सैल करून हॅन्ड प्रायमर (हातानं डिझेल ओढायचा छोटा पंप) मारायचा, फेस संपून सलग डिझेल आलं की ते वाहत असतानाच स्क्रू आवळायचा. मग तेच मेन पंपावर, म्हणजे नोझलला जोरात डिझेल पाठवणाऱ्या पंपावर. तरी गाडी घेईना तर नोझलकडचे पाइपाचे नट अर्धा आटा सैल करून स्टार्टर मारायचा आणि डिझेल आलं की एकेक आवळत जायचं. बँजो बोल्ट (मधून डिझेल जाणारा पोकळ बोल्ट) सोडलाच तर तांब्याचे वॉशर नवेच टाकायचे. दबलेला वॉशर नीट बसत नाही, तोच पुन्हा लावणारे लोक मग "पंपच गेलाय" म्हणून गावभर सांगतात आणि चांगला पंप खोलायला लावतात!

मी नटांना पाना लावला तर काकांचं बोट तिथं हजर, "येतंय का बघतो." बोट मी झटकलं. नोझल 200 बारच्या आसपास, म्हणजे भोवतालच्या हवेच्या दाबाच्या साधारण 200 पट दाबाला उघडतो. त्या दाबाची बारीक धार कातडीखाली घुसते, वरून नुसतं टोचल्यासारखं दिसतं आणि पुढं बोट कापायची पाळी येऊ शकते. असं झालं तर हळद लावत न बसता तडक हॉस्पिटल गाठायचं. काकांना राग आला. "बघू पण देत नाहीत," असं ते पोरांना म्हणाले.

गाडी सुरू झाली. टाळ्या काकांना. ड्रायव्हरनं त्यांना चहा पाजला, आणि मला वरच्या वाक्यासकट नळीचे पैसे दिले, तेही घासाघीस करून. नोझल बदलला असता तर मुकाट दिले असते, कारण हातात जुना नोझल दिसला असता. दोष नेमका शोधला, नको ते खोललं नाही, म्हणून मजुरी बुडाली. वर नळी आवळणारी क्लिप जुनीच राहू दे म्हणाला. तिचे आटे गेलेत, ती आवळत नाही. घाटात पुन्हा हवा ओढेल.