तुमच्या दोन स्टारना आमचं उत्तर

नमस्कार साहेब. आमच्या दुकानात क्लॅरिनेट वाजवून बघायला आलात आणि रिव्ह्यूत स्टार दोन दिलेत, हरकत नाही. पण 'अर्ध्या तासात क्लॅरिनेट हातातून काढून घेतलं', 'एकाच मॉडेलचे दोन पीस वेगळे वाजले म्हणजे एक डुप्लिकेट' आणि 'ट्यूनरवर सगळे सूर चढे' असं लिहिलंत, त्यावर बोलायलाच हवं.

नव्या पीसचं, म्हणजे नव्या क्लॅरिनेटचं, ब्लॅकवुड लाकूड कोरं असतं. फुंकरीची वाफ आतून लागते, आतलं लाकूड फुगतं, बाहेरचं कोरडंच राहतं आणि चीर जाते, बहुधा वरच्या जॉइंटला (नळीच्या वरच्या भागाला) ट्रिल कळांच्या भोकांपाशी. म्हणून सुरुवातीला थोडा थोडा वेळच वाजवायचं. तुम्ही न घेतलेला पीस उद्या दुसऱ्या कुणाच्या घरी जायचाय. 'उद्या परत या, पुन्हा वाजवा' म्हटलं होतं, ते मात्र रिव्ह्यूत दिसलं नाही.

डुप्लिकेटचा आरोप मान्य नाही. दोन्हींचे सिरीयल नंबर तुमच्यासमोर दाखवले. बुफे या फ्रेंच कंपनीचं आर13 हे 1955 पासूनचं मॉडेल, तरी दोन पीस अगदी सारखे निघत नाहीत; लाकूड आहे ते. म्हणून तर वाजवून घ्यायचं! पण तुम्ही पहिला पीस आमच्या माउथपीसवर (तोंडात धरायच्या भागावर) वाजवलात आणि दुसरा स्वतःच्या बी45 माउथपीसवर. मग तुलना माउथपीसची झाली. माउथपीस तोच, रीड (त्यावरची कंप पावणारी पट्टी) तीच, बदलायचा तो फक्त पीस. खालचा ई सूर लांब धरा, बोटं न हलवता रजिस्टर की (वरचा सूर काढणारी कळ) दाबा, वरचा बी सूर लागेल. क्लॅरिनेट सप्तकावर नाही, बाराव्या स्वरावर उडी मारतं. ती उडी कुठल्या पीसवर शुद्ध पडते ते कानाने ऐका, फोन खिशात ठेवून.

फोनवरून आठवलं. तुमचा ट्यूनर 440 हर्ट्झवर (मूळ 'ए' सुराची कंपनसंख्या) होता आणि पीस 442 चे. फरक जवळजवळ 8 सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग), काटा चढाच दिसणार. पेटीबरोबर वाजवायचं असेल तर लांब बॅरल (माउथपीसखालची नळी) लावून बघा, सूर उतरेल, नाहीतर 440 चा पीस मागवून देतो.

रीडचे पैसे घेतले, कारण ओठाला लागलेली रीड दुसऱ्या गिऱ्हाइकाला देत नाही.

दोन्ही पीस अजून दुकानात आहेत. सकाळी या, गर्दी नसते. बी45 आणि नेहमीची रीड विसरू नका.