शिनचॅनला शिव्या घालायच्या आधी त्याचं घर बघा

गेल्या शनिवारी इथं कोल्हापुरात भाच्याच्या शाळेत पालक सभा होती. दाजींची फौंड्रीत सेकंड शिफ्ट, त्यामुळं ताईबरोबर मी गेलो. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण शाळा चांगलीय आणि तिथल्या बाई जीव लावून शिकवतात. पण फी, सहल, वह्यांची कव्हरं हे सगळं झाल्यावर विषय निघाला टीव्हीवरच्या शिनचॅन या जपानी कार्टूनचा. पोरं उलट बोलतात ते शिनचॅनमुळं, डबा तसाच परत आणतात ते शिनचॅनमुळं, बाईंची नक्कल करतात ते पण शिनचॅनमुळं. मग मागनं एक काका उठले आणि म्हणाले, हे कार्टून म्हणजे आपल्या संस्कृतीवर हल्ला आहे, आपली पुढची पिढी नासवायला बाहेरनं पाठवलंय. टाळ्या पडल्या. शेवटी सगळ्यांनी हात वर करून ठरवलं की आजपासनं घरात शिनचॅन बंद. ताईनं पण हात वर केला. मी नाही केला, आणि फुलेवाडीला घरी जाईपर्यंत गाडीवर ताई माझ्याशी एक शब्द बोलली नाही. म्हणून हे लिहितोय, लांबलंय पण वाचा.

मी शिनचॅन बघत मोठा झालोय. २००६ ला हंगामा या पोरांच्या चॅनेलवर सुरू झालं तेव्हा मी तिसरीत. शिवाजी पेठेत आमच्याकडं तेव्हा लोडशेडिंग असायचं, आमची लाईट गेली की मागच्या गल्लीतल्या मित्राकडं असायची, मग दप्तर टाकायचं, हातात खारी घ्यायची आणि पळत सुटायचं. सहा-सात पोरं एका कॉटवर. मित्राची आजी पण आमच्यात बसायची, तिला हिंदी फारसं कळत नव्हतं, पण शिनचॅनची आई मित्सी ओरडत त्याच्या मागं लागली की आजी म्हणायची, "बघा रं, तुमच्या आयांचं पण असंच हाय." मला अजून त्या आजीचंच म्हणणं बरोबर वाटतं.

सभेत मी उभं राहून विचारलं होतं की एक अख्खा एपिसोड कुणी कुणी बघितलाय. तर उत्तर आलं, "एवढा वेळ कुणाला आहे, क्लिप बघितलीय की." क्लिप म्हणजे काय तर शिनचॅन चड्डी खाली करून नाचतोय ती. तेवढी बघून शोचा निकाल लावायचा म्हणजे एखाद्याच्या घराच्या खिडकीतनं एकदाच डोकावायचं, पोरगं नागडं पळताना दिसलं की गावभर सांगत सुटायचं हे घर वाईट आहे म्हणून.

घरात काय आहे ते मी सांगतो. टोकियोच्या जवळ सायतामा म्हणून भाग आहे, तिथल्या कासुकाबे शहरात हे नोहारा लोक राहतात. बाप हॅरी रोज गर्दीच्या ट्रेननं ऑफिसला जातो, साहेबाची बोलणी खातो, रात्री घरी आल्यावर एक थंड बिअर मिळावी एवढीच त्याची अपेक्षा. आई मित्सी २९ वर्षांची, सेल लागला की गर्दीत घुसून चार पैसे वाचवते आणि त्यातले थोडे नवऱ्यापासनं लपवून ठेवते. घरावर ३२ वर्षांचं कर्ज आहे. ५ वर्षांचा पोरगा, रांगणारी बहीण, आणि एक पांढरं कुत्रं ज्याला फिरवून आणायचं शिनचॅन कायम विसरतो. यात कुणी हिरो नाही, कुणाकडं जादूचं गॅझेट नाही. महिनाअखेर येते, पैसे कमी पडतात, भांडण होतं, जेवायला सगळे एकत्र बसतात.

सभेच्या रात्री आम्ही जुने चौघं रंकाळ्यावर भेटलो आणि मी सगळं सांगितलं. आमच्यातला एक आता पोलीस आहे, एक स्वतः प्राथमिक शाळेत शिक्षक. शिक्षक आधी हसला, मग गप्प झाला आणि म्हणाला, "आपल्यावर पण हेच बोललं जायचं रे, आणि माझ्या आईनं ते खरं मानलेलं." पोलिसाला मी विचारलं, तुला शिनचॅनमधलं पहिलं काय आठवतं? मला वाटलं तो नाच करून दाखवील. तो म्हणाला, "हॅरीचं होमलोन." त्यानं गेल्याच वर्षी पाचगावात फ्लॅट घेतलाय, २० वर्षांचा हप्ता आहे, आणि तो म्हणतो बँकेत सह्या करताना मला हॅरीच आठवला, म्हटलं याला ३२ वर्षं आहेत आणि हा तरी हसतोय. आठवी-नववीपर्यंत बघितलेल्या कार्टूनमधनं माणसाच्या डोक्यात हे राहतं. हे त्या क्लिपमध्ये नसतं.

आता आमच्या घरातलं सांगतो. हॅरीच्या पायमोज्यांचा वास हा या शोमधला जुना विनोद आहे, सगळं घर त्या वासानं बेशुद्ध पडतं. दाजी शिफ्ट करून येतात, दारात सेफ्टी शूज काढतात, मोजे घामानं चिकटलेले असतात आणि अंगठ्यापाशी फौंड्रीच्या वाळूची काळी पूड. फर्स्ट शिफ्ट असली की भाचा जागा असतो, तो नाक धरून "गॅस आला गॅस आला" म्हणून घरभर पळतो. आणि मग तोच परत येतो, दोन बोटांत ते मोजे लांब धरतो आणि मोरीत नेऊन बादलीत टाकतो. त्याला हे कुणी शिकवलेलं नाही. दाजी दिवसभरात पहिल्यांदा मोकळं हसतात ते तेव्हा. सभेत कुणी बघितलं असतं तर म्हणाले असते, बघा, बापाला नावं ठेवतोय. मला तर त्या पोराला बापाचे पाय किती दमलेत हे कळलंय असं वाटतं.

डब्याचं म्हणाल तर शिनचॅनला ढबू मिरची आवडत नाही हे खरं. भाचा पण ताटाच्या कडेला एकेक तुकडा ओळीनं लावून ठेवतो. पण मी पण तेच करायचो, आणि ते टीव्हीवर शिनचॅन यायच्या आधीपासनं, आईला विचारा. आणि शिनचॅननं कितीही तोंड वाकडं केलं तरी मित्सी ढबू वाढायची थांबत नाही, हे पण पोरं बघतातच की.

पोरं नक्कल करतात, मान्य. कुणाची करतात ते बघा. शिनचॅनच्या बालवाडीत नेने म्हणून मुलगी आहे, ती बाकीच्यांना धरून घर-घर खेळायला लावते आणि त्या खेळात नवरा उशिरा घरी येतो, बायको जाब विचारते, मोठ्या माणसांची सगळी भांडणं ती पोरं अगदी गंभीर चेहऱ्यानं खेळतात. लेखकानं तिथं आपल्यालाच आरसा दाखवलाय. मागच्या महिन्यात ताईच्या बिल्डिंगच्या जिन्यात चार पोरी भातुकली मांडून बसलेल्या, एकीनं खोटा फोन कानाला लावलेला आणि म्हणत होती, "सर, पाच तारखेला नक्की भरते, बाऊन्स नका करू." हे तिला कुठल्या कार्टूननं शिकवलं?

तक्रार सगळीच खोटी आहे असं मी म्हणत नाही. योशितो उसुई यांनी ही चित्रकथा १९९० मध्ये सुरू केली ती मोठ्या माणसांच्या मासिकात, टीव्हीवर ती १९९२ ला आली. त्यामुळं त्यात आईबापांसाठीचे विनोद आहेत, आणि तीन-चार वर्षांच्या पोराला एकट्याला समोर बसवून आपण आत स्वयंपाकाला जावं असा हा शो नाही. शिनचॅन मोठ्या मुलींच्या मागं लागतो ते मला आवडत नाही, आणि मित्सी रागात डोक्यात गुद्दे घालते ते पण नाही. भाच्यानं एकदा किराणा दुकानात एका कॉलेजच्या मुलीला त्याच आवाजात काहीतरी म्हटलं. मी त्याला तिथंच सॉरी म्हणायला लावलं आणि घरी बसवून सांगितलं की शिनचॅनला पण त्या मुली हो म्हणत नाहीत, दरवेळी तोंडावर पडतो तो. त्याला समजलं. पाच मिनिटं लागली. पण त्यासाठी मी तो एपिसोड बघितलेला असायला लागतो, आणि पोराजवळ बसायला लागतं.

बंदीनं काय होतं ते आम्ही बघितलंय. २००८ ला माहिती आणि प्रसारण खात्यानं शिनचॅन बंद केलं, २००९ ला ते काटछाट करून परत आलं. तेव्हा मी पाचवी-सहावीत. मधल्या काळात आमच्या गल्लीतलं एकही पोरगं कमी उलट बोललं नाही. जपानमध्ये पण पालक-शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या सर्व्हेत 'मुलांना दाखवू नये असं वाटतं' अशा कार्यक्रमांत शिनचॅन कितीतरी वर्षं वर होतं. आणि त्याच जपानात कासुकाबे शहरानं मुलांच्या संगोपनाच्या कामासाठी शिनचॅनचंच चित्र घेतलंय. तीस वर्षांहून जास्त झाली, शो चालू आहे. २०२५ ला तर त्यांनी अख्खा सिनेमा भारतात घडणारा केला, कासुकाबेची पोरं इथं नाचायला येतात. ज्या देशानं त्याला बंद केलं होतं त्या देशावर त्यांनी प्रेमानं गोष्ट लिहिली, मला हे बघून खरंच भरून आलं.

आणि हे फक्त शिनचॅनचं नाही. १९९२ ला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश भर भाषणात म्हणाले होते की आपली कुटुंबं 'सिम्पसन्स' या कार्टूनमधल्या घरासारखी कमी असावीत. तीनच दिवसांत त्या कार्टूनवाल्यांनी पोराच्या तोंडून उत्तर दिलं, की मंदी संपावी म्हणून आम्ही पण प्रार्थनाच करतोय. म्हणजे तिथं पण घराला पैशाची ओढाताण होती आणि वरच्या माणसाला फक्त पोराचा आगाऊपणा दिसला.

संस्कृतीवर हल्ला म्हणणाऱ्या काकांना एकच विचारायचंय. आपल्या तमाशात गणानंतर गवळण असते. कृष्ण आणि पेंद्या मथुरेच्या वाटेवर गवळणींना अडवतात, मावशी त्यांची फिरकी घेते, आणि आपले आजे-पणजे पोटभर हसलेत त्याला. नाथांनी गवळणी लिहिल्या, भारुडात सासू-सुनेची भांडणं आणली. खोडकर पोरगं आणि वैतागलेली आई ही आपल्याकडं देवाची गोष्ट आहे. आणि पोरांची एवढी काळजी असेल तर विसर्जन मिरवणुकीत डॉल्बीच्या भिंतीसमोर, असली नसली गाणी लागलेली असताना, बापाच्या खांद्यावर कानात बोटं घालून बसलेली तीन वर्षांची पोरं मी दरवर्षी बघतो. त्यावर सभा घ्या, मी सगळ्यात आधी हात वर करतो.

अजून एक, सभेनंतर एकीनं ताईला सांगितलं की शिनचॅन खरा मुलगा होता, अपघातात गेला आणि त्याच्या आईनं ही चित्रं काढली, म्हणून ते अशुभ आहे. हे खोटं आहे. चित्रं काढली उसुईंनी. २००९ च्या सप्टेंबरमध्ये ते डोंगरात फिरायला गेले आणि कड्यावरनं पडून वारले, ५१ वर्षांचे होते. पुढच्या वर्षीपासनं त्यांच्या हाताखालच्या लोकांनी गोष्ट पुढं चालू ठेवली. आम्हाला ही बातमी कितीतरी उशिरा कळली, कळल्यावर मी दोन दिवस नीट जेवलो नव्हतो. त्या माणसाबद्दल असलं काहीतरी पसरवू नका.

ताई काल बोलली. म्हणाली, "मी हात वर केला कारण सगळ्यांनी केला." मग आम्ही रात्री जेवण झाल्यावर भाच्याला मध्ये घेऊन बसलो आणि एक एपिसोड पूर्ण बघितला. मित्सीनं लपवलेले पैसे हॅरीला सापडतात तो. ताई मध्येच उठून आत गेली, डाळीच्या डब्यातनं एक पुडकं काढलं, दुसऱ्या डब्यात ठेवलं आणि परत येऊन बसली.

पुढची सभा महिन्यानं आहे. मी परत जाणार आहे, बाईंना एवढंच म्हणणार आहे की एक शनिवार द्या, पालकांना एक एपिसोड सुरवातीपासनं शेवटपर्यंत दाखवू, मग हात वर करा. प्रोजेक्टर मी आणतो.