डबकं बुजवण्याआधी एवढं वाचा

काकांनी पावसाळी डबकं बुजवायला मजूर बोलावले, गप्पी मासेही आणून ठेवले. का, तर ‘कोरड्या भागातले बेडूक वाचवा’ हा फिरता मेसेज! त्यातल्या शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, खड्डा त्याच्यामुळेच बुजणार होता.

‘उथळ डबकी बुजवा, बारमाही तळं करा, गप्पी सोडा, बेडूक वाढतील.’ अहो, डबकं आटतं हाच त्याचा गुण! आटणाऱ्या पाण्यात मासे टिकत नाहीत, म्हणून तर तिथे बेडकांची पिल्लं जगतात. गप्पी डासांच्या अळ्या खातात हे कबूल, पण बारीक टॅडपोल, म्हणजे बेडकाचं शेपटीवालं पिल्लू, समोर आला तर तोही गिळतात. शिवाय उथळ पाणी लवकर तापतं आणि उबेत वाढ झपाट्याने होते. अमेरिका-मेक्सिकोच्या सोनोरन वाळवंटातला काऊचचा स्पेडफूट हा भेक (बेडकाचाच भाऊबंद) पावसाच्या पहिल्या रात्रीच अंडी घालतो. ती दीडेक दिवसात फुटतात आणि पाणी गरम असेल तर आठवडाभरात टॅडपोलचा भेक होतो. कधी डबकं त्याआधीच आटतं आणि अख्खी वीण मरते, हेही खरं. आफ्रिकेतल्या महाकाय बुलफ्रॉगचा नर अशा वेळी चर खणून पिल्लांना मोठ्या पाण्याकडे नेतो. बारमाही तळ्यावर मात्र माशांचं राज्य असतं.

‘जमीन ओली केली की बेडूक बाहेर येतात’ हे तर फारच झालं. डिमिट आणि रुइबल या संशोधकांनी 1980 साली याच स्पेडफूटवर काम केलं. त्यांना दिसलं की जमिनीखालच्या भेकाला जागवते ती पावसाच्या माऱ्याची थरथर, माती ओली होणं नव्हे. नुसती विजेची मोटर चालवली, तर जमीन कोरडी ठणठणीत असतानाही ते वर आले! तेव्हा नळी घेऊन उभे राहू नका.

‘मेलेले बेडूक चिखलातून जिवंत होतात’? मरत नाहीत हो, जमिनीखाली पडून असतात. ऑस्ट्रेलियातला एक बेडूक तर मूत्राशयात पाणी साठवून, स्वतःच्या कातीच्या वेष्टनात वाट बघत राहतो.

राहिलं ‘बेडूक ओरडले की पाऊस येतो’. बरं, हवेतला दमटपणा वाढला की काही जातींचे नर पावसाआधीही डरावतात, एवढं मान्य. पण ते मादीला बोलावतात, ढगाला नव्हे. स्पेडफूटची हाक तर पाऊस पडून गेल्यावरच उठते.

मजुरांना परत पाठवलंय. काका अजून गप्पींची पिशवी धरून बसलेत.