आखाजी रविवारी नसते, भाऊ

आमच्या गावात सध्या एक नवीन टूम निघालीये. बारागाड्या आणि आखाजीचा (म्हणजे अक्षय्य तृतीयेचा) सगळा कार्यक्रम तिथीला न करता 'जवळच्या रविवारी' करायचा. का, तर तलावाच्या काठाला जी कॉटेजेस झालीयेत तिथं नाशिक-सुरतचे लोक शनिवार-रविवारच येतात, म्हणजे गर्दी होईल, रसवंतीवाल्याचे चार पैसे होतील, पोरांना काम लागेल, गावाचं नाव होईल. काम लागेल हे खरंय, त्याला माझा विरोध नाही. माझाच चुलतभाऊ तिथं केअरटेकर आहे आणि ज्या वर्षी कपाशी हातची गेली त्या वर्षी त्याच पगारावर त्यांचं घर चाललं. पण म्हणून आखाजी रविवारी?

आता कोणी म्हणेल ही बाई स्वतः जळगावला राहते, सणापुरती गावाला येते, हिला काय करायचंय. बरोबर आहे, मी पण अर्धी कॉटेजवालीच की. फरक एवढाच की मी सणाच्या तारखेला येते, सण माझ्या तारखेला येत नाही.

आधी त्या तलावाचं सांगते, कारण त्या जाहिरातीत 'नैसर्गिक लेक' वगैरे लिहिलंय ते वाचून मला हसावं का रडावं कळेना. 1972 च्या दुष्काळातलं काम आहे ते. माझी आजी तिथं मातीच्या पाट्या वाहायला जायची, कडेवर माझे काका, आणि घरी परत आलं की त्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी, ज्यांचं नाव काढलं तरी ती शेवटपर्यंत तोंड वाकडं करायची. तेव्हा आज जो 'लेक व्ह्यू' विकला जातोय ना, तो आमच्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांनी खणलेला आहे. विकू नका म्हणत नाही मी, फक्त माहिती असावी.

तर आखाजी. बाकी महाराष्ट्रासाठी अक्षय्य तृतीया म्हणजे सोन्याच्या दुकानाची जाहिरात आणि आमरस. खान्देशात तो दिवाळीच्या तोडीचा सण आहे आणि मला विचाराल तर दिवाळीपेक्षा काकणभर जास्तच, कारण दिवाळीला माहेरी आलं तरी फराळात जुंपून घेतात, आखाजीला मात्र लिंबाला झोका बांधलेला असतो आणि सासुरवाशिणीने त्या झोक्यावर बसायचं हेच तिचं काम असतं. त्या दिवसांत एसटीत पाय ठेवायला जागा मिळत नाही. उन्हाचा पारा 44 च्या आसपास, पोरं रडतायत, पिशवीत सासूने दिलेल्या कुरडया, आणि तरी सगळ्या बायांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं काहीतरी असतं. हे ज्याने पाहिलं नाही त्याला रविवार सुचतो.

आणि हा नुसता मौजमजेचा दिवस नाहीये हो. आपल्याकडे सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं, साल आखाजीलाच संपतं आणि नवीन तेव्हाच ठरतं. जुना हिशोब, उचल, नवा करार, सगळं त्या दिवसाला बांधलेलं. सण चार दिवस पुढे ढकलला तर मधल्या दिवसांत सालदार कोणाचा, सांगा बरं? ट्रॅक्टर आल्यापासून सालदार कमी झालेत, मिळतच नाहीत म्हणा ना, पण ज्यांच्याकडे आहेत त्यांचं साल आजही आखाजी टू आखाजीच चालतं.

मग पितरं. सकाळी मातीची घागर भरायची, वर छोटं मडकं, त्यावर डांगर (खरबूज), आंबे, सांजोरी, आणि दुपारी पुरणपोळी-रसाची आगारी, म्हणजे पितरांचा घास, टाकायची चुलीत. ती टाकेपर्यंत घरातलं कोणी आंबा चाखत नाही. बाजारात मार्चपासून आंबा दिसतो, जळगावला माझ्या फ्लॅटच्या खाली गाडीवाला ओरडत असतो, नवरा दोनदा पिशवी घेऊन खाली जायला निघतो, तरी आम्ही थांबतो. 2024 ला आखाजी 10 मेला शुक्रवारी होती, 2025 ला 30 एप्रिलला, बुधवारी. रजा टाकली, आले. आजी असती तर म्हणाली असती, "पितरे काय रईवारनी वाट देखतीन का रे भो?"

पोरींची गौराई (गौरीची मूर्ती) तर आणखी आधीपासून बसलेली असते, चैत्र पौर्णिमेपासून. शेंगांच्या माळा, रोज पाणी आणायला जाणं, गाणी, आणि आखाजीच्या दुसऱ्या दिवशी पाण्यात बोळवण. आमच्या लहानपणी त्या दिवशी पलीकडच्या गावच्या पोरी समोरच्या काठाला यायच्या आणि मग दोन्हीकडून शिव्यांची जी काय बरसात व्हायची, एरवी घरात 'मेल्या' म्हणायला बंदी असलेल्या पोरी त्या दिवशी असलं असलं बोलायच्या की विचारू नका. मोठी माणसं ऐकून न ऐकल्यासारखं करायची. आता ते जवळपास बंद झालंय. मला वाईट वाटतं, खरंच वाटतं.

त्या दिवसांत तलावाचं पाणी पार खाली गेलेलं असतं, उघड्या पडलेल्या गाळात कोणी कोणी डांगरं लावतो, आणि काठापर्यंत जायची जी पांधी (शेतातली जुनी वाट) आहे ना, ती कॉटेजच्या तार कंपाउंडमध्ये गेलीये. मागच्या आखाजीला गेटला कुलूप, वॉचमन जागेवर नाही, डोक्यावर गौराई घेऊन पोरी तापलेल्या ढेकळांतून वळसा घालून गेल्या. रविवारची चर्चा करण्याआधी त्या गेटची चर्चा करा असं माझं स्पष्ट मत आहे. पांधी ही गावाची आहे, कागद काढून बघा.

आणि रविवारच पाहिजे असेल तर आपल्याकडे श्रावणात कानबाई देवीचा सण आहे की! नागपंचमीनंतरचा पहिला रविवार, आयताच. तलाव भरलेला, हिरवंगार, हवा मस्त, फोटोला एक नंबर. फक्त गंमत अशी की कानबाईचा रोट (प्रसाद) भाऊबंदांबाहेर कोणाला देत नाहीत, घरातल्या पुरुषांच्या मोजणीने सव्वाच्या मापात गहू घेतात (बायकांची मोजणी का नाही हा माझा जुना प्रश्न, त्यावर वेगळी पोस्ट लिहीन), त्यामुळे तिथं पाहुण्याचं ताट लावता येत नाही. रात्रभर जागरण, फुगड्या, आणि खरा थाट सोमवारी सकाळी असतो, कानबाईचे पाट डोक्यावर घेतलेल्या बाया, पुढे वाजंत्री, सगळं गाव तलावाकडे. आणि सोमवारी सकाळी आमचे कॉटेजवाले कुठे असतात? हायवेला.

म्हणजे अडचण वाराची नाहीच मुळी. अक्कलकुव्याकडे काठी गावची होळी बघा, लांबलांबून, गुजरात-मध्य प्रदेशातून लोक येतात, रात्रभर नाचतात आणि होळी पेटते पहाटे. कोणी म्हणालं का की आम्हाला झोप येते, नऊला पेटवा? सारंगखेड्याला तापीकाठी दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो, आता तिथं तंबू लागतात, फेस्टिवल होतो, कॅमेरेवाले येतात, पण ते सगळे दत्तजयंती बघून येतात. तोरणमाळला यशवंत तलावाकाठी राहायची सोय आहे, तरी तिथली यात्रा महाशिवरात्रीलाच भरते. ज्याला यायचंय तो येतो हो.

बारागाड्यांचं तर अजून वेगळं. बारा गाड्या एकाला एक बांधलेल्या, वर पोरं लटकलेली, आणि भगत कमरेला दोर लावून ओढतो, बाजूला त्याचे बगले, म्हणजे साथीदार. तो भगत त्याआधी उपास-पथ्य पाळतो, मरीआईला जातो. त्याला जाऊन सांगा की पाहुणे येतायत म्हणून जरा तारीख बदल. मी त्या वेळी तिथं उभी राहून ऐकणार आहे.

सगळे कॉटेजवाले एका माळेचे मणी नाहीत हेही सांगते. एक रिटायर्ड जोडपं कायमचंच राहायला आलंय. त्यांची नात सुट्टीत आली तेव्हा भाद्रपद पौर्णिमा होऊन गेलेली, घरोघर भुलाबाई (पोरींचा संध्याकाळी गाणी म्हणायचा सण) बसलेली. ती पोरगी संध्याकाळी आमच्या गल्लीत यायला लागली, गाणी पाठ केली, आणि खाऊ ओळखायच्या वेळी डबा नुसता हलवून 'शेंगदाण्याची चिक्की' सांगायची, बरोबर निघायचं! तिच्या आजीने पण एक दिवस खाऊ केला, कोणालाच ओळखू नाही आला, पास्ता होता. पोरी अजून चिडवतात. यांच्यासाठी कोणी काही बदललं का? नाही. त्या येऊन बसल्या, बस्स.

तेव्हा यावरच्या गावच्या मीटिंगमध्ये माझं म्हणणं माझ्या भावाने मांडावं, मी इथं लिहून ठेवते: आखाजी आखाजीलाच. पांधीचं गेट चैत्र पौर्णिमेपासून उघडं. कॉटेजवाल्यांकडून वर्गणी घ्या, जेवढी गावातल्या घराला तेवढीच, जास्त नको, म्हणजे जास्तीचा हक्क पण नको. आणि त्यांना निमंत्रण द्या, रीतसर, घरी जाऊन, कुंकू लावून. आदल्या दिवशीच या म्हणावं, झोका बांधायला माणसं कमी पडतात. आंबे आणू नका, घरी आढी लागलेली असते. आणि दुपारी आमच्या काकांच्या ओट्यावर पत्त्यांचा डाव बसतो, तिथं बसायचं असेल तर सुट्टे पैसे घेऊन बसा, काका उधारी ठेवत नाहीत.