रुग्णालयाच्या खिडक्या कायमच्या बंद कुणी केल्या?

डोकं तापलंय, म्हणून घरी आल्या आल्या लिहायला बसलेय.

आज बाबांना छातीच्या एक्स-रेसाठी घेऊन गेले होते. बाहेरची बसायची जागा खच्चून भरलेली, निम्मी माणसं खोकणारी. छताला फॉल्स सीलिंग, भिंतीवर दोन स्प्लिट एसी आणि दारातून आत पाऊल टाकताच नाकात बसणारा कुबट वास. खिडक्या नव्हत्या असं नाही, चांगल्या पुरुषभर उंचीच्या होत्या. पण प्रत्येक झडपेला स्क्रू मारलेला, फटींत सिलिकॉन भरलेलं, वरच्या झरोक्यांवर प्लायवूड. फरशी पुसणाऱ्या मावशींना विचारलं, "मावशी, एखादी खिडकी उघडता येईल का?" त्या म्हणाल्या, "नाही हो ताई, एसी बसवला तेव्हाच बंद करून टाकल्या साहेबांनी. दुपारनंतर आमचंच डोकं धरतं इथं."

तिथल्या बाईंना जे कळतं ते साहेबांना कळू नये?

एसी लावला की हवा शुद्ध होते हे खूळ लोकांच्या डोक्यातून कधी जाणार आहे? भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणतच नाही. खोलीतलीच हवा ओढतो, गार करतो आणि परत तुमच्या तोंडावर सोडतो. आपण सोडलेल्या श्वासात कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या हवेच्या सुमारे शंभर पट असतो. तीच हवा तीस-चाळीस माणसांनी तासन् तास आळीपाळीने ओढायची आणि वर बरं व्हायला आलोय म्हणायचं! गोवराचा रुग्ण खोलीतून उठून गेला तरी त्याचा विषाणू दोन तासांपर्यंत हवेत टिकू शकतो. बाबांच्या समोरच्या बाकावर एक बाई तान्ह्या बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. तिला कुठे माहीत, तिच्या आधी तिथे कोण बसून गेलं ते.

आणि हे काही कालपरवा लागलेले शोध नाहीत. रुग्णाला गारठू न देता त्याच्या श्वासाची हवा बाहेरच्या हवेइतकी शुद्ध ठेवा, हा शुश्रूषेचा पहिला नियम म्हणून फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८५९ मध्येच लिहून ठेवलाय. पेरूतल्या लिमा शहरातल्या आठ रुग्णालयांत संशोधकांनी प्रत्यक्ष मोजमाप केलं, ते २००७ मध्ये छापून आलं. दारं-खिडक्या उघडल्या की खोलीतली हवा तासाला सरासरी २८ वेळा बदलत होती. यंत्रावर चालणाऱ्या विलगीकरण खोल्यांसाठी शिफारस असते १२ वेळांची! आणि सगळ्यांत सरस कोणत्या ठरल्या? उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारती. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये खिडक्यांवर चालणाऱ्या वॉर्डांसाठी दर रुग्णामागे सेकंदाला ६० लिटर ताजी हवा सांगितली. आज मी पाहिलेल्या त्या खोलीत सेकंदाला किती येत असेल? दार उघडलं की येईल तेवढी.

हो, बाहेर धूर-धूळ असते, डास येतात, उन्हाळ्यात तगमग होते, मान्य. ऑपरेशन थिएटरला खिडकी उघडून चालत नाही, तेही मान्य. मग जाळ्या बसवा, पंखे लावा, एक्झॉस्ट लावा, बाहेरची हवा गाळून आत घेणारी यंत्रणा बसवा. त्यातलं काहीच न करता नुसता स्क्रू मारून मोकळं व्हायचं?

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय, आणि आता त्या मावशीच डोळ्यांसमोर येताहेत. आम्ही तासाभराने निघून आलो, त्या मात्र रोज तिथेच असतात. फडका पिळताना एकदा थांबल्या, भिंतीला हात टेकून खोकल्या आणि परत पुसायला लागल्या. त्यांच्या फुप्फुसांची काळजी कुणाच्या फाइलीत आहे? शाळेतल्या शिपायाची, टपाल कार्यालयातल्या काउंटरमागच्या माणसाची, ग्रंथालयात दिवसभर अभ्यासाला बसणाऱ्या पोरांची? दुपारी सगळे पेंगतात आणि आपण त्यांना आळशी म्हणतो.

जुन्या बांधणाऱ्यांना हे ठाऊक होतं. समोरासमोर खिडक्या ठेवल्या की वारा आरपार जातो. गरम हवा वर चढते, म्हणून छताजवळ झरोके, तिथून ती बाहेर पडते आणि खालून ताजी आत येते. ना वीज, ना बिल. आणि आज त्याच झरोक्यांवर प्लायवूड!

माझ्या यादीत आर्किटेक्ट आहेत, कंत्राटदार आहेत, दोन-तीन जण रुग्णालयांच्या समित्यांवरही आहेत. तुमच्याशीच बोलतेय. पुढच्या वेळी नूतनीकरणाचा नकाशा समोर आला की एवढंच विचारा: उघडणाऱ्या खिडक्या किती, आणि त्यांच्या समोरच्या भिंतीत हवा बाहेर जायला वाट कुठे आहे? उत्तर मिळेपर्यंत सही करू नका.